चार सूत आणि बारा मिलिमीटर

1982 ची गोष्ट. 26 ऑगस्टला चंद्रपूर जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला अन् आमचं आरमोरीकडचं गाव तिकडे गेलं. त्याच साली आमच्याकडे हस्त कोरडा गेला. धान निसवणीवर, बांधीत भेगा, अन् बोडीवरच्या जुन्या डिझेल इंजिनच्या हेडचा एक स्टड तुटला.

मी आणलेला नवा स्टड दिसायला तेवढाच. दोन फेरे गेला, मग अडला. पान्याला पाईप लावून मी जोर केला. कटकन आवाज झाला अन् ब्लॉकमधले आटेच सोलून निघाले.

मिस्त्री म्हणाला, "बाबू, हा याचा स्टड नोहे. इंजिन सुताचं, स्टड मिलिमीटरचा."

1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं आट्यांचं माप मांडलं. चार सुताला, म्हणजे अर्ध्या इंचाच्या बोल्टाला, इंचात 12 आटे, कोन 55 अंशांचा. पुष्कळ जुनी इंजिनं त्याच मापाची. 1956 च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली. 12 मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचा कोन 60 अंश, दोन आट्यांत पावणेदोन मिलिमीटर अंतर. दुकानात मात्र दोन्ही एकाच डब्यात.

मिस्त्रीनं भोक मोठं करून पाच सुताचा टॅप फिरवला. लेथवर खाली पाच, वर चार सुताचा स्टड करून आणला. चौथ्या दिवशी पाणी चाललं. तोवर वरच्या दोन बांध्या पोचट झाल्या होत्या, खालच्या वाचल्या.

बाप काही बोलला नाही. तेव्हापासून कोणताही बोल्ट मी आधी बोटानं फिरवतो. बोटानं गेला तरच पाना.