पिवळ्या गोळीचा हिशेब

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी जावा घेतले आणि सिंकोनाच्या बागांबरोबर जगाचे बहुतेक कोयनेल त्यांच्या हाती गेले. दोस्त सैन्याला उरली जर्मनांनीच शोधलेली अ‍ॅटेब्रिनची गोळी. तिने ओकाऱ्या होत, कातडी हळदीसारखी पिवळी पडे; पुरुषत्व जाते अशी आवईही उठली. मग शिपाई गोळी टाळीत आणि हिवतापाने फणफणत. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात, जेम्स शॅनन यांच्या हाताखाली, बर्नार्ड ब्रॉडी यांनी प्रश्नच निराळा विचारला: गिळलेले औषध जाते कुठे? तरुण साहाय्यक सिडनी उडेनफ्रेंड यांच्यासह त्यांनी ते रक्तात मोजण्याची रीत बसविली. औषध यकृतादी अवयवांत दडून बसे, रक्तात उरे जेमतेम. म्हणजे आरंभीच मोठी मात्रा देऊन ती कोठारे भरावीत. पुढे रोज थोडे पुरे. सावकाराचे भागल्यावाचून घरात दाणा राहत नाही, हे आपल्या कुणब्याला कोणी शिकवावे लागत नाही!

तोच प्रश्न ब्रॉडींनी पुढेही सोडला नाही. अ‍ॅसिटॅनिलाइड या जुन्या औषधाचे शरीरात पॅरासिटमॉल बनते आणि वेदना तेच शमविते, हे त्यांनी व ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९४८ मध्ये दाखविले. आपल्या फडताळातली तापाची गोळी ती हीच.