रंकाळ्यावरची ईर्षा

1 तास 59 मिनिटं 38 सेकंद. हाफ मॅरेथॉनमधली ही माझी सगळ्यात चांगली वेळ. तिचा स्क्रीनशॉट टाकला तेव्हा ‘नाद खुळा भावा’च्या कमेंटांनी फोन दिवसभर वाजत होता. एक गोष्ट तेवढी मी लिहिली नव्हती.

ज्या मित्रासोबत दोन वर्षं रंकाळ्याला फेऱ्या मारून मी पळायला शिकलो, त्याच्या पोटरीत सतराव्या किलोमीटरला गोळा आला. तो रस्त्याकडेला बसला. मी घड्याळात बघितलं, त्याला हात केला आणि पुढं गेलो. थांबलो असतो तर दोन तासांच्या आत आलो नसतो. त्यानंही माझ्या पोस्टला अंगठा दिला. पण आता तो संध्याकाळी पळतो, मी सकाळी.

बक्षीस नाही, नोकरीत बढती नाही, मी पन्नासावा आलो की पाचशेवा, याची कुणाला पडलेली नाही. मग ही एवढी खुमखुमी आली कुठून?

कोल्हापुरात तिला ‘ईर्षा’ म्हणतात. शब्दकोशात तिचा अर्थ मत्सर असेल, आमच्याकडं ती शाबासकी आहे. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची फुटबॉल मॅच ‘ईर्षेनं’ झाली म्हणजे चांगली झाली. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, ते या ईर्षेचंच घर. पण कुस्तीत तिला शिस्त आहे. कोण कुणाशी लढणार, ती जोड जाणती माणसं ठरवतात. आधी सलामी, मग हात मिळवणं, मग खडाखडी. आणि पाठ मातीला लागली की विषय संपला. प्रतिस्पर्धी समोर असतो, त्याचा घाम आपल्या अंगाला लागतो. त्याला गोळा आला तर तो आपल्याला दिसतोच.

पळण्यातली ईर्षा आपल्याकडं कशी आली, ते शोधताना मी पुण्यात पोहोचलो. 1919 च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांच्या पोरांना अनवाणी पळताना पाहिलं. काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी होती. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायची कल्पना निघाली. त्या संघात आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटांत पूर्ण केली आणि 19 वा क्रमांक मिळवला. घड्याळ त्यांच्यासाठी साक्षीदार होतं. साध्या घरातली पोरं कुणाच्या तोडीची आहेत, हे दुसरं कोण सांगणार होतं?

माझ्यासारख्या हौशी माणसाचं पळणं मात्र या वाटेनं आलेलं नाही. ते न्यूझीलंडच्या ऑकलंडमधून आलं. तिथं आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकानं 1960 च्या आसपास साध्या नोकरदारांना, अगदी हृदयविकार झालेल्यांनाही, हळूहळू पळायला लावलं. गप्पा मारता येतील एवढाच वेग. 1962 च्या अखेरीस बिल बोवरमन हा अमेरिकन प्रशिक्षक त्यांच्यासोबत पळायला गेला आणि पहिल्याच चढावर धापा टाकू लागला. तेव्हा सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक म्हातारा त्याच्यासाठी मागं राहिला आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत पळत राहिला. बोवरमननं परत जाऊन जॉगिंगवर पुस्तक लिहिलं आणि अमेरिका पळायला लागली. पुढं नाइकी झालेल्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक तोच.

हे वाचताना मी दोनदा थांबलो. ज्या खेळाची सुरुवात कुणीतरी कुणासाठी मागं राहण्यापासून झाली, त्यात मी सतराव्या किलोमीटरला काय केलं होतं?

पळणाऱ्यांची गर्दी वाढली तशी चाळणी आली. 1969 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनला हजाराहून जास्त लोक आले. मग 1970 मध्ये आयोजकांनी अट घातली: 4 तासांत पूर्ण करू शकत असाल तरच या. हेतू गर्दी आवरण्याचा होता, पण त्यानंतर हौशी माणसाचीही एक ‘पात्रता’ झाली. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, नंतर गावोगावी शर्यती आल्या. 2009 मध्ये स्ट्राव्हा आलं आणि रस्त्याच्या एकेका तुकड्यावर सर्वांत वेगवान कोण, याची यादी खिशात आली.

इथं कोल्हापूरची ईर्षा आणि माझी ईर्षा वेगळ्या होतात. या यादीत जोड लावणारं कुणी नाही. बावीस वर्षांचा पोरगा आणि रात्रपाळी करून आलेला बाप एकाच रांगेत. हात मिळवणं नाही. आणि पाठ कधी लागतच नाही. 1:59 झालं की 1:55 दिसायला लागतं. खासबागेत हरलेला माणूस घरी जाऊन झोपू तरी शकतो.

ईर्षा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात राहून तसं म्हणायची सोय नाही. तिच्याशिवाय पहाटे पाचला उठणं मला जमलंही नसतं. पण तालमीत ईर्षेसोबत वस्ताद असतो. मी वस्ताद सोडला आणि नुसती ईर्षा उचलली.

परवा मित्राला फोन केला. ‘संध्याकाळी येऊ काय रे?’

‘ये की. पोटरी अजून दुखती, हळू पळणार मी.’

रंकाळ्याला एक फेरी मारली. शालिनी पॅलेसपर्यंत कुणीच काही बोललं नाही. मग मीच त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ‘मीबी थांबलो नसतो बहुतेक,’ तो म्हणाला. खरं बोलला की माझी समजूत घातली, माहीत नाही. त्यानंतर मी दोनदा घड्याळात बघितलं. दुसऱ्यांदा त्यानं मला पकडलं आणि हसत सुटला.