कपाटाचं दार

‘केदारनाथ के कपाट खुले’ ही हिंदी बातमी दर उन्हाळ्यात कानावर पडते आणि घरातलं एखादं लहान मूल हमखास विचारतं, देवाचं कपाट कशाला उघडलं? प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, दार. हिंदीनं तो अर्थ अजून जपलाय. मराठीत मात्र या एका शब्दाची दोन घरं झाली. बोलण्यात झिजत आलेलं ‘कवाड’ दारापाशीच राहिलं आणि जसंच्या तसं घेतलेलं ‘कपाट’ दाराआडच्या खणांना चिकटलं. इंग्रजी कपबोर्डवरून आपलं कपाट आलं असं पुष्कळांना वाटतं, पण तो नुसता उच्चाराचा सारखेपणा. त्यांचा कपबोर्ड म्हणजे मुळात पेले मांडून ठेवायची उघडी फळी, तिला दार मागाहून लागलं. आपल्याकडे नावातच दार आहे. घरातल्या पसाऱ्याची सगळी गोष्ट मला या दाराशी येऊन थांबलेली दिसते.

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरात कपड्यांना दार नव्हतंच. सोप्यात खुंट्या, त्यांवर फेटा आणि अंगरखा. माजघरात आढ्याला टांगलेली वळणी, म्हणजे आडवी काठी किंवा दोरी, तिच्यावर रोजची लुगडी आणि धोतरं. ठेवणीतलं एखादं वस्त्र बासनात बांधून पेटीत. पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड असत. त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या आणि ऐपत असेल तिथं लाकडी दारांचं फडताळ. फडताळाला वेगळी जागा लागत नसे, भिंतीच्या पोटातच ते मावे. पुढं नऊ इंची विटांच्या भिंती आल्या. त्यांना पोटच नव्हतं, म्हणून फडताळ बाहेर आलं आणि खोलीत पाय रोवून उभं राहिलं. आजच्या फ्लॅटमध्ये छतापर्यंत बांधून घेतलेलं वॉर्डरोब पाहिलं, की ते पुन्हा भिंतीत शिरायची धडपड करतंय असं वाटतं.

पण कपडे लावून ठेवणं हे आमच्या भागात एके काळी राजदरबारचं काम होतं. शिवकाळापासूनच्या अठरा कारखान्यांत एक जामदारखाना. फारसीत जामा म्हणजे वस्त्र, तेव्हा जामदारखाना म्हणजे वस्त्रांचं कोठार आणि जामदार त्याचा राखणदार. जामदार आडनावाची घरं आजही या भागात आहेत. १७०८ साली शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि मराठी राज्याची वस्त्रं इथून निघू लागली. वस्त्रं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण तेव्हा ‘पेशवाईची वस्त्रं मिळाली’ म्हणजे पद मिळालं. १७२० च्या एप्रिलमध्ये शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली ती कराडजवळच्या मसूरला. या कोठारात शेले, पागोटी, किनखाब यायचे ते पुढं कुणाच्या तरी अंगावर जाण्यासाठीच. मानाचं कापड आत कुजत ठेवण्यात कसला मान? आत येण्याइतकंच बाहेर जाणंही महत्त्वाचं होतं. पुढं वस्त्रांसोबत जडजवाहीरही तिथं साठू लागलं आणि आज जामदारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं खजिनाच येतो. कापड मागं पडलं.

लोखंडी कपाटाचा प्रवास याच्या बरोबर उलटा. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं करायला घेतली. १९०२ च्या सुमारास तिजोऱ्या आल्या आणि १९२३ साली पोलादी कपाट. आधी कुलूप, मग तिजोरी, मग कपाट. त्यामुळेच आपल्या कपाटाच्या पोटात अजून एक छोटी तिजोरी असते आणि मूठ फिरवली की वर-खाली दांडे सरकतात. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. हे माप एवढं बसलं की पुढं गावोगावचे पत्र्याचे कारागीर त्याच मापात वाकवत राहिले आणि कुणीही केलेलं कपाट ‘गोदरेजचं कपाट’ झालं. लोखंड आमच्याही ओळखीचंच. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तिथं नांगर झाले, चरक झाले आणि लोखंडी फर्निचरही झालं.

लग्नात भांडी, पलंग आणि कपाट देण्याची रीत पडली, तसं हे तिजोरीचं लेकरू थेट निजायच्या खोलीत आलं. येताना तिजोरीचा स्वभाव घेऊन आलं. आत गेलेलं बाहेर येऊ द्यायचं नाही.

जुन्या घरात पसारा होत नव्हता असं कुणी म्हणू नये. वळणी वाकेपर्यंत कपडे साठत. पण ते डोळ्यांसमोर असत आणि त्यांची वाट ठरलेली असे. नव्या लुगड्याची घडी सणाला मोडायची. मग ते चार वर्षं पाहुणेरावळ्यांत, मग रोजच्या नेसणीत. विरलं की त्याची बाळाला दुपटी, झोळी. त्यानंतर वाकळ. देशावर इतरत्र जिला गोधडी म्हणतात ती आमच्याकडे वाकळ. वाकळीच्याही चिंध्या झाल्या की पोतेरं. घटस्थापनेच्या आधी घर काढायचं, म्हणजे सारं सामान अंगणात आणायचं, भिंती पोतारायच्या आणि आत नेताना प्रत्येक वस्तूकडे एकदा बघायचं. उरलंसुरलं बोहारणीच्या पदरात. एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस चाले. ‘ह्ये पातळ पाक विरलंय, अजून दोन टाक’ असं ती म्हणे आणि आजी आणखी एक धोतर शोधायला आत जाई. कपाट रिकामं करायला याहून चांगली माणसं मला आजवर भेटलेली नाहीत.

ही वाट मोडली ती कापडानं. नायलॉन, टेरिलिन, पॉलिस्टर विरत नाही, पाणी पीत नाही, पोटाशी घेतलं तर ऊब धरत नाही. त्याचं दुपटं होत नाही, पोतेरं तर नाहीच नाही. साडी नको झाली तरी धडधाकट असते, म्हणून खणात राहते. तिच्यावर दुसरी येते. आणि दार लावलं की दिसत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर आम्ही मावशीच्या घरी गेलो. लाकडी भुशाच्या फळ्यांचं नवं वॉर्डरोब पावासारखं फुगून उकललं होतं. जुनं पत्र्याचं कपाट उभंच होतं, पण दार गाळानं आवळलेलं. पहारीनं उघडलं. आत घडीला घडी चिकटलेली, वरच्या खणातल्या रंगाचे ओघळ खालच्या खणात. जरी काळी पडलेली, रेशमावर गाळाचे नकाशे. मावशी एकेक साडी उचलून बघायची आणि बाहेरच्या ढिगावर ठेवायची. रस्त्यावर घरोघरचे असे ढीग होते. नेसल्याच नव्हत्या अशा किती साड्या त्यात होत्या ते तिनं मोजलं नाही.

अगदी तळाला तिच्या सासूबाईंची तीन सुती लुगडी होती. ती तिनं ढिगावर टाकली नाहीत. पाच-सहा पाण्यांतून काढली, गच्चीवर चार दिवस ऊन दाखवलं. रंग उतरले, पण सूत शाबूत राहिलं. थंडीच्या तोंडाला शेजारच्या दोघीजणी दुपारच्या यायला लागल्या. लुगडी एकावर एक अंथरली, चार कोपऱ्यांवर चार पाटे ठेवले आणि काठाकडून आत, बोटाच्या पेराएवढ्या टाक्यांनी धावदोरा सुरू झाला. मधेच मावशी थांबली, कडेचा हिरवा काठ उलटून त्यांना दाखवत म्हणाली, ‘हे त्यांनी माझ्या डोहाळेजेवणाला नेसलेलं,’ आणि परत दोरा ओवून घेतला.