औषधाच्या स्ट्रिपवर छापलेले काय वाचावे?

"कोणत्या गोळ्या सुरू आहेत?" असे विचारले की दवाखान्यात अनेकदा उत्तर मिळते, "बीपीची, छोटी पांढरी." अशा गोळ्या कितीतरी असतात. खांदेश्वरमधील रुग्णाला रात्री अचानक कामोठे किंवा पनवेलच्या रुग्णालयात न्यावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांकडे त्याची जुनी माहिती नसते. अशा वेळी स्ट्रिपवरील छपाई उपयोगी पडते.

काय पाहावे?

- औषधाचे मूळ नाव आणि मात्रा: ब्रँड वेगळे असले तरी आतले औषध एकच असू शकते. पॅरासिटामॉल तापाच्या गोळीत असते, तसे सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. दोन्ही एकदम घेतल्यास डोस वाढतो आणि जास्त डोसमुळे यकृताला इजा होऊ शकते.
- मुदत: फक्त महिना आणि वर्ष छापले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते.
- लाल उभी रेघ: हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. अनेक अँटिबायोटिक्सवर ही रेघ असते. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.
- साठवणीची सूचना: न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवावे, फ्रीझरमध्ये नाही.
- बॅच नंबर: औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर तक्रार नोंदवताना हा लागतो. त्यासाठी सरकारी टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.
- क्यूआर कोड: १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ठरावीक ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाईलने स्कॅन केल्यास औषधाचे नाव, उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते.

स्ट्रिप कापलेली असेल तर?

मुदत आणि बॅच नंबर बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असतात. म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा. सुट्या गोळ्या घेताना बिल मागा आणि त्यावर औषधाचे नाव, बॅच व मुदत लिहिली आहे का ते पाहा. गोळ्या डबीत काढून स्ट्रिप फेकू नका.

घरच्यांसाठी

आई-वडिलांच्या सगळ्या चालू औषधांच्या स्ट्रिपचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. औषध बदलले की फोटोही बदला. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे तेही लिहून ठेवा. छापलेल्या सूचनेत आणि डॉक्टरांच्या सांगण्यात फरक वाटला, तर औषध स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.