अस्थिस्नायू सोनोग्राफी आणि वैद्यकीय शिक्षण

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, इंदूर-भोपाळ मार्गावर कालीसिंध नदीच्या काठी सोनकच्छ हे तालुक्याचे गाव वसले आहे. सोयाबीन आणि गव्हाच्या या मुलखात खांदा, गुडघा व मनगटाची दुखणी शेतीच्या कामाबरोबरच येतात. हात वर उचलता येत नाही अशी तक्रार असलेल्या रुग्णाचा एक्स-रे काढला तर हाड दिसते, फाटलेली कंडरा दिसत नाही. एमआरआयसाठी बहुधा मोठ्या शहराची वाट धरावी लागते. गोव्यात अंतरे लहान आहेत, पण सत्तरी किंवा काणकोणच्या रुग्णाचीही अडचण फारशी निराळी नाही. या दोहोंमधली जागा सोनोग्राफी भरून काढू शकते. मात्र त्यासाठी यंत्राइतकाच शिकलेला हात लागतो.

कंडरा, स्नायू, अस्थिबंध, नसा आणि सांध्यातील पाणी पाहण्याच्या या तंत्राला अस्थिस्नायू सोनोग्राफी म्हणतात. ऑस्ट्रियन वैद्य कार्ल डुसिक यांनी १९५८ मध्ये सांध्याभोवतालच्या ऊतींतून ध्वनिलहरी कशा क्षीण होतात, याची मोजमापे प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये गुडघ्यामागील बेकरची गाठ आणि शिरेतील रक्ताची गुठळी यांतील भेद या तंत्राने दाखवण्यात आला. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्याच राइनहार्ड ग्राफ यांनी नवजात बालकाच्या खुब्याची तपासणी मांडली.

शिकणाऱ्याची पहिली कसोटी प्रोब धरण्यात लागते. वरवरच्या अवयवांसाठी साधारण ७ ते १८ मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब वापरतात. वारंवारता जितकी जास्त तितके चित्र सूक्ष्म, पण खोली कमी. कंडरेतील तंतू समांतर असल्याने लहरी काटकोनात पडल्या तरच ती उजळ दिसते. प्रोब थोडा कलला की तीच निरोगी कंडरा काळी पडते आणि नवशिक्याला ती फाटल्याचा भास होतो. या फसव्या काळेपणामुळे चुकीचे निदान होऊ शकते. म्हणून प्रोब हलकेच डोलवून काळा डाग टिकतो की नाहीसा होतो, हे पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते. पुस्तकातील आकृत्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत.

मनगटाचे उदाहरण अध्यापनास सोयीचे आहे. तेथे मध्यवर्ती नस आणि बोटांच्या कंडरा एकमेकींना खेटून असतात. आडव्या छेदात नस मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते. प्रोब कोपराकडे सरकवला की कंडरांचे स्नायूंत रूपांतर होते, नस मात्र स्नायूंच्या थरांमधून तशीच पुढे जात राहते. विद्यार्थी हे एकमेकांच्या हातावर पाहतात, बोटे हलवून कंडरेची हालचाल टिपतात आणि दुसऱ्या हाताशी तुलना करतात. शवविच्छेदनाच्या टेबलावर निश्चल दिसलेली रचना येथे जिवंत होते. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २००६ पासून चारही वर्षांच्या अभ्यासक्रमात सोनोग्राफी गुंफली, ती याच विचाराने. सुई सांध्यात नेण्याचा सराव मात्र आधी जेलच्या ठोकळ्यावर किंवा कोंबडीच्या मांसावर करणेच इष्ट.

भारतात एमबीबीएससाठी २०१९ पासून सक्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात शरीररचनाशास्त्राची रुग्णसेवेशी सांगड घालण्यावर आणि कौशल्य प्रयोगशाळेवर भर आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोमेकॉ असो वा देवास-इंदूरकडील महाविद्यालये, अशा अध्यापनाला चौकट त्यामुळे मिळते. प्रश्न उरतो तो शिक्षकांचा. क्ष-किरणतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ अशा सर्वांचाच या तंत्राशी संबंध येतो, आणि अनेकांचे असलेले काम पुष्कळदा कोणाचेच राहत नाही.

त्याहून अवघड प्रश्न कायद्याचा आहे. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. गर्भलिंग दाखवू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदणीकृत जागीच असावे आणि पात्र व्यक्तीनेच हाताळावे, असा दंडक आहे. दर हजार मुलग्यांमागे ० ते ६ वयोगटातील मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४५ होती, ती २००१ मध्ये ९२७ वर घसरली. कायद्याचा कडकपणा उगाच आलेला नाही. खांदा पाहणारा सरळ प्रोब शरीरात काही सेंटिमीटरच पोहोचतो, हे खरे, परंतु त्याच यंत्राला पोटाचा प्रोब जोडता येतो आणि कायदा यंत्राकडे पाहतो. त्यामुळे विद्यार्थ्यांचा सराव नोंदणीकृत विभागात, पात्र शिक्षकाच्या देखरेखीखालीच होऊ शकतो. मोबाइलला जोडता येणारी खिशातली यंत्रे परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास दिसतात. येथे ती वर्गात आणताना नोंदणीचा कागद आधी तयार ठेवावा लागतो.