मुसळ ते दुर्बीण : निखळलेल्या खांद्याच्या उपचारांचा इतिहास आणि नगर जिल्हा

१/९
पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड कामगार हंगामात साखरपट्ट्यात जातात. तोडलेल्या उसाची मोळी डोक्या-खांद्यावर घेऊन ते फळीवरून ट्रकवर चढतात. बाजार समितीतला हमाल पोते पाठीवर घेतो. ज्यांच्या खांद्यावर जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे, त्यांच्या खांद्यावरच्या उपचारांचा हा इतिहास.

२/९
खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत टेकलेला असतो आणि त्याला चार लहान स्नायूंच्या कंडरा धरून ठेवतात. हात सर्व दिशांना फिरतो तो या उथळपणामुळे आणि सांधा सहज निखळतो तोही त्याचमुळे. बहुतेक वेळा माथा पुढच्या बाजूला सरकतो.

३/९
सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात यावर थेट उपाय आहे. काखेत मुसळ देऊन ती वर उचलावी, माथा जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराचा, म्हणजे छेद देत फिरणारा पट्टा बांधावा. घरातील साधे साधन, पण त्यामागे सांध्याच्या रचनेची नेमकी जाण आहे.

४/९
ग्रीक हिपोक्रेटिसच्या परंपरेतील सांध्यांवरील ग्रंथातही मऊ कापड गुंडाळलेले मुसळ काखेत देण्याची रीत सांगितली आहे. रुग्णाला जमिनीवर निजवून काखेत टाच रोवायची आणि हात ओढायचा, ही आणखी एक रीत. पुन्हापुन्हा निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत डाग देण्याचा उपायही तेथे आहे.

५/९
खांदा आखडण्याचा विकारही जुनाच. सुश्रुताने त्याला ‘अवबाहुक’ म्हटले. वायू खांद्याचे बंध सुकवतो, अशी त्याची उपपत्ती. १८७२ मध्ये फ्रान्सच्या द्यूप्ले यांनी या दुखण्याचे वर्णन केले. अमेरिकेच्या कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे आजचे नाव दिले.

६/९
ग्रंथ मोजक्यांच्या हाती होते. गावात खांदा उतरला की लोक हाडवैद्याकडे किंवा तालमीतल्या वस्तादाकडे जात. अनुभवी हात अनेकदा सांधा बसवीत. मात्र माथ्याजवळचे हाड मोडले असेल, तर ते बाहेरून कळणे कठीण, आणि अशा वेळी ओढाताण केल्यास नस वा रक्तवाहिनी दुखावण्याचा धोका.

७/९
ही अडचण १८९५ मध्ये राँटगेन यांच्या क्ष-किरणांनी दूर केली. त्याआधी १८७० मध्ये स्वित्झर्लंडच्या कोखर यांनी हात फिरवून सांधा बसवण्याची पद्धत मांडली होती. १९२३ मध्ये इंग्लंडच्या बँकार्ट यांनी दाखवले की, खोबणीची कड फाटल्याने खांदा वारंवार निखळतो. ती कड आज दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे शिवली जाते.

८/९
नगर जिल्ह्यात दोन्ही परंपरांनी संस्था उभारल्या. १९१७ मध्ये वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. साल्व्हेशन आर्मीचे बूथ रुग्णालय शहराच्या ओळखीचे झाले. प्रवरा परिसरात १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच परिसरात, लोणीला, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. अस्थिरोगतज्ज्ञ गावाजवळ पोचला.

९/९
तरीही उपचारातील एक गोष्ट रुग्णालयाच्या हाती नाही : विश्रांती. सांधा बसवल्यावर काही आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. फाटलेली कंडरा शिवल्यास जड काम कित्येक महिने बंद. हमालांसाठी बाबा आढावांसारख्यांनी शंभर किलोंच्या पोत्याविरुद्ध लढा दिला. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंच्या मर्यादेची शिफारस केली. १९६९ च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीला नोंदणी आणि हक्क दिले. ऊसतोड कामगाराची मजुरी मात्र टनावर ठरते आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्याला फेडायची असते. त्याचा खांदा बसवणे आज अवघड नाही. तो सहा आठवडे झोळीत ठेवणे त्याला परवडत नाही. खांद्याच्या उपचारांच्या इतिहासातील हे पान अजून लिहायचे आहे.