मुलांना मोबाईलवर सुरक्षित राहायला कसे शिकवावे: बेंगळुरूतील मराठी पालकांसाठी माहिती

थोडक्यात

- मुलाला ऑनलाइन कोणी फसवले, धमकावले किंवा त्रास दिला, तर दोष मुलाचा नसतो. हे त्याला आधीच सांगून ठेवा.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मूल संकटात असेल तर १०९८ वर, आणि जिवाला धोका असेल तर ११२ वर फोन करा.
- तक्रार करायला कन्नड येणे आवश्यक नाही. लैंगिक गुन्ह्याच्या प्रकरणात मुलाला दुभाषी मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे.
- पोलीस तक्रार, हेल्पलाइन आणि मुलांसाठी वकील या सर्व सेवा मोफत आहेत.

हे पान कोणासाठी आहे?

कामासाठी बेंगळुरूत आलेल्या, घरात एक किंवा दोनच मोबाईल असलेल्या आणि शिष्यवृत्ती, गृहलक्ष्मी, रेशन यांसारख्या योजनांचा लाभ घेणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती आहे. अशा घरात फोन आईवडिलांचा असला तरी तो चालवणारे मूल असते. कन्नड किंवा इंग्रजीत आलेला संदेश वाचून दाखवणे, अर्ज भरणे, ओटीपी सांगणे ही कामे तेच करते. त्यामुळे मुलाची फसवणूक झाली तर घराचे बँक खाते आणि योजनेचे पैसेही धोक्यात येतात.

मुलांसमोर येणारे मुख्य धोके

१. योजनेच्या नावाने फसवणूक. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा", "गृहलक्ष्मीचे २,००० रुपये अडकले आहेत, या लिंकवर माहिती भरा" असे फोन किंवा संदेश येतात. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाची फाइलही येते. नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर ती यादी किंवा फॉर्म नसून ॲप असते. ते फोनमध्ये टाकले की तुमचे संदेश आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात.

२. ओळख वाढवून फोटो मागणे. इन्स्टाग्रामवर किंवा खेळाच्या चॅटमध्ये अनोळखी माणूस आपण त्याच वयाचे आहोत असे सांगतो. काही दिवस गोड बोलतो, गुपिते विचारतो आणि मग कपड्यांशिवायचा फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागतो. एकदा फोटो मिळाला की "पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो" अशी धमकी सुरू होते. मुलींइतकेच मुलगेही यात अडकतात. साध्या फोटोवरून संगणकाने बनवलेला खोटा अश्लील फोटो वापरूनही अशी धमकी दिली जाते.

३. पैसे लावून खेळायचे खेळ. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना त्यात शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून मुलाने अशा खेळात पैसे घालवले असतील तरी तक्रार करायला घाबरू नका.

४. खाते भाड्याने देणे. "तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, कमिशन मिळेल" असे सांगून कॉलेजच्या मुलांची खाती वापरली जातात. हे पैसे बहुतेक वेळा फसवणुकीचे असतात. पोलीस आधी त्या खातेदाराकडेच येतात. खाते गोठवले गेले तर त्यात येणारी शिष्यवृत्तीही अडकते.

वयानुसार काय शिकवावे?

६ ते ९ वर्षे
- फोन सर्वांसमोर बसून पाहायचा, दार लावून नाही.
- अनोळखी फोन आला तर नाव, शाळा, घराचा पत्ता सांगायचा नाही. फोन मोठ्यांकडे द्यायचा.
- भीती वाटेल असे काही दिसले तर फोन उलटा ठेवून लगेच आईला किंवा बाबांना बोलवायचे.

१० ते १३ वर्षे
- ओटीपी, पिन आणि आधार क्रमांक फोनवर कोणालाही सांगायचा नाही. समोरचा "बँकेतून बोलतोय" किंवा "तुमच्या शाळेतून बोलतोय" म्हणाला तरी नाही.
- पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
- "हे घरी सांगू नकोस" असे जो म्हणतो, त्याच्याबद्दल घरी सांगायचेच.

१४ ते १८ वर्षे
- एकदा पाठवलेला फोटो परत घेता येत नाही. पुसला तरी समोरच्याकडे त्याची प्रत असू शकते.
- दुसऱ्याचा खासगी फोटो पुढे पाठवणे हा गुन्हा आहे. फोटो १८ वर्षांखालील मुलाचा असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- धमकी आली तर एक रुपयाही द्यायचा नाही. पैसे दिले की मागणी वाढत जाते.

ओटीपीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करून सांगा. बेंगळुरू वनसारख्या सरकारी केंद्रात तुम्ही स्वतः अर्ज भरायला बसला असाल, तर तिथे ओटीपी द्यावा लागतो. घरी बसलेले असताना कोणी फोन करून मागितला, तर द्यायचा नाही. "ओटीपी कधीच द्यायचा नाही" एवढेच सांगितले तर मूल गोंधळते. "आपण अर्ज करायला गेलो आहोत की कोणी आपल्याला फोन केला आहे?" हा प्रश्न स्वतःला विचारायला त्याला शिकवा.

सरकारी वेबसाइट ओळखायलाही शिकवा. बहुतेक सरकारी पत्ते इंग्रजी जी, ओ, व्ही या अक्षरांनी आणि त्यापुढे टिंब देऊन आय, एन या अक्षरांनी संपतात. ही अक्षरे पत्त्याच्या मध्येच कुठेतरी असतील तर सावध व्हा.

सर्वांत आधी द्यायचा शब्द

धमकावणारा माणूस मुलाच्या एका भीतीवर अवलंबून असतो: "घरी कळले तर मार बसेल, फोन जाईल, शाळा बंद होईल." ही भीती गेली तर त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून शांत वेळ पाहून मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा:

"ऑनलाइन काहीही झालं, तुझ्याकडून चूक झाली असली तरी, मला सांग. मी मारणार नाही. फोन काढून घेणार नाही. आपण दोघं मिळून बघू."

हा शब्द पाळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. मुलीने तक्रार सांगितली म्हणून तिचा फोन किंवा कॉलेज बंद केले, तर ती पुढच्या वेळी सांगणार नाही. धाकटी भावंडेही ते पाहून गप्प राहतील.

काही घडले तर काय करावे?

1. मुलाला जवळ घ्या आणि पूर्ण ऐका. "का केलंस?" हा प्रश्न आत्ता नको.
2. काहीही पुसू नका. चॅट, क्रमांक, प्रोफाइलचे नाव, पैसे पाठवल्याची पावती आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा. मुलाचा खासगी फोटो मात्र पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. तो पोलिसांना फोनमध्येच दाखवा.
3. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत रोखले जाण्याची शक्यता जास्त.
4. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पत्ता: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. महिला व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांत नाव न सांगताही तक्रार करता येते.
5. पोलीस ठाण्यात जा. बेंगळुरूत सायबर गुन्ह्यांसाठी वेगळी सेन पोलीस ठाणी आहेत. जवळच्या साध्या ठाण्यातही तक्रार देता येते. घटना गावी असताना घडली असली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार "आमच्या हद्दीत नाही" म्हणून तक्रार नाकारता येत नाही.

पोलिसांकडे जाताना मुलाचे हक्क

लैंगिक त्रासाच्या प्रकरणात २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. १८ वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो सारखाच लागू आहे. त्यानुसार:

- तक्रार मुलाला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी लागते. ती भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो. "आमच्या मुलीला मराठीच नीट बोलता येतं, दुभाषी द्या" असे तुम्ही सांगू शकता.
- जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला योग्य वाटेल त्या ठिकाणी घेतला जातो. शक्यतो महिला उपनिरीक्षक जबाब घेतात आणि पोलीस गणवेशात नसतात.
- मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.
- मुलाचे नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता माध्यमांना छापता किंवा दाखवता येत नाही.
- पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. प्रकरण चालू असताना सोबत राहण्यासाठी समिती मुलाला सहाय्यक व्यक्ती देऊ शकते.

गुन्हा माहीत असून न कळवणे हाही या कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र न सांगितल्याबद्दल मुलाला शिक्षा होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तक्रार केली तर आमची योजना बंद होईल का?
नाही. पोलीस तक्रार करणे हे योजनेसाठी अपात्र ठरण्याचे कारण नाही.

आमच्याकडे बेंगळुरूचा पत्ता असलेले आधार नाही. तक्रार घेतील का?
हो. तक्रार करण्यासाठी इथले रहिवासी असणे आवश्यक नाही.

मूल फोन सोडतच नाही, चिडते, झोपत नाही. कोणाला दाखवावे?
बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून शट क्लिनिक नावाची सेवा आहे. मोबाईल व खेळांच्या अतिवापरावर तिथे सल्ला आणि उपचार मिळतात. टेली मानस या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

महत्त्वाचे क्रमांक: फोनमध्ये जतन करा आणि भिंतीवर लिहून ठेवा

- १९३०: ऑनलाइन पैशांची फसवणूक
- १०९८: चाइल्ड हेल्पलाइन. मूल स्वतःही फोन करू शकते.
- ११२: तातडीची मदत
- १४४१६: टेली मानस, मानसिक आरोग्य
- १५१००: मोफत कायदेशीर मदत. महिला व मुलांना उत्पन्नाची अट नाही.

आज रात्री जेवताना हे क्रमांक मुलांकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.